खंडेरावाचा उजवा डोळा

प्रमिलाआतेच्या वर्गाला पाड्यावरची पोरं 'भांडणाचा वर्ग' म्हणतात. खरं नाव शांतीवर्ग. संस्थेच्या पत्र्याच्या खोलीवर तसा कागदही चिकटवलाय, पण कागदावरचं वाचतो कोण? दर रविवारी प्रार्थना उरकली, जेवणं झाली, की साखरशेत गावाच्या बाजूच्या चार-पाच पाड्यांवरची पोरंपोरी तिथे जमतात. कुणाचं मोबाईलवरून बिनसलेलं असतं, कुणाचं क्रिकेटवरून, कुणाच्या म्हशीनं कुणाचा वाल खाल्लेला असतो. प्रमिलाआते भाषण देत नाही. भाषणाचा तिला कंटाळा. ती उडदानं भरलेलं सूप आणते, भांडणाऱ्या दोघांच्या मधे ठेवते आणि म्हणते, "खडे काढा. सूप निवडून झालं का मग बोला."

आता दोघांनी एकाच सुपात डोकं घालायचं म्हणजे काय होतं, ते कधी करून बघा. टाळकी एकमेकांवर आपटतात. आपल्याला दिसलेला खडा नेमका दुसऱ्याच्या बोटाखाली असतो. पाच मिनिटं दोघं फुरंगटून बसतात आणि मग कुणीतरी फिस्सकन हसतं. हसलं नाही तरी उडीद निवडून होतात. आमच्या घरचे उडीद वीस वर्षं फुकटात निवडून मिळतात, असं तिचा नवरा रघु म्हणतो, आणि ते काही खोटं नाही.

ही युक्ती तिच्या डोक्यातली नव्हे, आणि ती तसं सांगतेही. ती सिस्टर सबिनाची. सिस्टर मूळच्या वसईच्या. त्या जव्हारच्या वसतिगृहात आल्या तेव्हा प्रमिला चौथीत होती, डोक्यात उवा आणि अंगावर एकच झगा. सिस्टरनी आधी उवा काढल्या, मग शुद्धलेखनाच्या चुका. काळी छत्री, रबरी चपला आणि खांद्याला पिशवी. पिशवीत जपमाळ आणि वालाच्या शेंगा. हो, शेंगा! कुठे भांडण पेटलं की सिस्टर दोन्ही बाजूंच्या मधोमध चक्क फतकल मारायच्या आणि शेंगा सोलायला घ्यायच्या. एकदा विहिरीवरच्या पाळीवरून कोयते निघाले होते, तेव्हाही बसल्या. प्रमिला वडाच्या आडून बघत होती. कोयतेवाले ओरडून ओरडून दमले आणि त्यांच्यातलाच एक म्हातारा शेवटी सिस्टरच्या शेजारी बसून शेंगा सोलू लागला.

"मधे उभं राहायचं नाही गं," सिस्टर मुलींना सांगायच्या. "उभ्या माणसाला ढकलता येतं. बसलेल्याला उचलावं लागतं, आणि उचलायचं तर त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं."

येशूचीही एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगत. एका बाईला दगडांनी मारायला माणसं जमली, तेव्हा तो खाली वाकला आणि मातीत बोटानं काहीतरी लिहीत राहिला. काय लिहिलं, असं मुली विचारायच्या. "कुणालाच ठाऊक नाही," सिस्टर म्हणायच्या. "पण तेवढ्या वेळात लोकांच्या हातातले दगड जड झाले."

काय दिवस होते ते! चालून चालून पायांचे तुकडे पडायचे, पण वाटेतल्या प्रत्येक घरी बसायला मिळायचं. आता जीप दारात येते आणि माणूस शेजारच्या घराकडे न बघता पुढे जातो. प्रमिलाआतेला हे फार लागतं. सिस्टरना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी दाभोशाच्या वाटेवर काळी छत्री दिसली की ती अजून थबकते.

प्रमिलाच्या बापाचं नाव माघ्या. पाड्याच्या बोहाड्यात खंडेरावाचं सोंग नाचवायचा मान माघ्याच्या घराचा. बोहाडा म्हणजे होळीनंतरचा उत्सव. देवांचे नि राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर नाचतात. कुणी कुठलं सोंग घ्यायचं ते घराघरांना बापजाद्यांपासून ठरलेलं, आणि त्या मानासाठी माणसं जीव टाकतात. तर अशा माघ्याची लेक येशूच्या वाटेनं गेली. चर्चमधे लग्न लावलं. माघ्या ओरडला नाही, रडला नाही. नुसता बोलायचा थांबला. पाच वर्षं!

त्या पाच वर्षांत बापलेकीच्या मधे एकच माणूस होता, तो म्हणजे गुलजारचाचा. जव्हारच्या बाजारात त्यांचं पाट्या रंगवायचं दुकान. पाड्यावरचे मुखवटे दर वर्षी तेच रंगवायचे. आधी त्यांचे वडील रंगवत, मग ते. रंगवलेले मुखवटे पाठीला बांधून चाचा स्वतः पाड्यावर यायचे आणि परतताना प्रमिलाच्या ओट्यावर टेकायचे. "बा काही म्हणाला?" ती विचारायची. चाचा पाणी पिऊन म्हणायचे, "विचारलं काही नाही, बेटी. पर मैं तुझं सांगत होतो तेव्हा उठून गेला नाही." त्यावर तिचं एक वर्ष निघायचं.

इथे या पाड्याचा एक रिवाज सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चाचा मुखवटा सगळा रंगवायचे, मिश्या, गंध, मुकुट, सगळं, पण डोळे पांढरे सोडायचे. डोळ्यांतली बुबुळं ज्या घराचा मान त्या घराच्या माणसानं, आपल्या अंगणात, आपल्या हातानं काढायची. त्याला डोळे उघडणं म्हणतात. दुसऱ्यानं ते करायचं नाही; घरचा हात नसेल तर मान भावकीत जातो.

तीस वर्षांपूर्वी मात्र एकदा खंडेराव उजव्या डोळ्यानं तिरका बघत होता. म्हाताऱ्या माणसांची ती लाडकी आठवण. शेतात राब भाजताना, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळताना, माघ्याचा उजवा हात भाजला होता, त्या हातानं त्यानं डोळे उघडले म्हणून बुबुळ तिरकं गेलं, असं सगळे सांगतात. "तो देव हसत व्हता," म्हातारी काळी अजून म्हणते. काळी म्हणजे पाड्यावरचं सगळ्यात जुनं माणूस. "आन् भात काय पिकलं त्या सालाला!" पुढच्या वर्षी मुखवटा नव्यानं रंगला, माघ्याचा हात बरा झाला, डोळे सरळ झाले. पण तसा खंडेराव पुन्हा झाला नाही, असं काळी हटकून म्हणते.

माघ्या गेला. त्याच्यामागे मान त्याच्या मुलाकडे, कान्हाकडे आला. गेल्या पावसाळ्यात कान्हाही गेला, आणि मान आला कान्हाच्या मुलाकडे, तुषारकडे. तेवीस वर्षांचं पोर. ठाण्याला गोदामात काम करतं, बोहाड्यासाठी सुट्टी काढून आलेलं. हा तुषार प्रमिलाआतेच्या वर्गात लहानाचा मोठा झाला. सगळ्यात जास्त उडीद त्यानंच निवडलेत, कारण सगळ्यात जास्त मारामाऱ्या त्याच्याच.

होळी झाल्यावर मुखवटा रंगवायला गेला आणि आठवड्यानं जीपमधून परत आला. चाचा हल्ली येत नाहीत, वय झालं. तुषारनं अंगणात फडकं सोडलं आणि बघतो तर काय! खंडेराव टक लावून त्याच्याकडे बघत होता. डोळे उघडलेले! नीटनेटके, पापण्यांसकट.

बापामागं पहिल्यांदा डोळे उघडायचे म्हणून पोरानं आठ दिवस पाटीवर कोळशानं बुबुळं काढायचा सराव केला होता. त्याला रडूच कोसळलं असतं, पण तेवढ्यात त्याचा दोस्त दिपेश मोबाईल घेऊन हजर. रडण्याचा राग व्हायला कितीसा वेळ लागतो? दिपेशनं फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत तो दहा पाड्यांवर गेला. 'आपल्या देवाचे डोळे परक्यानं उघडले.' दुसऱ्या दिवशी त्यात 'मुद्दाम' हा शब्द आला. तिसऱ्या दिवशी 'हसत हसत'. हसताना कुणी बघितलं, ते विचारायचं नाही. मोबाईलवर सगळेच साक्षीदार असतात मेले!

बाजाराच्या दिवशी सकाळी बाळ्याची जीप वडाखाली उभी राहिली. आत नऊ पोरं. पुढच्या सीटवर तुषार, मांडीवर फडक्यात गुंडाळलेला मुखवटा. मागच्या सीटखाली काठ्या. प्रमिलाआते आली ती सूप घेऊनच. जीपच्या पुढ्यात, रस्त्याच्या मधोमध, लाल धुळीत बसली आणि उडीद निवडायला लागली.

"आते, ऊठ," तुषार म्हणाला.

"कुठे निघालात?"

"जाब विचारायला."

"जाब विचारायला काठ्या कशाला? चाचांना ऐकू येतं अजून."

कुणीतरी हसलं. दिपेशनं हात लांब करून हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. प्रमिलाआतेनं एक खडा काढून बाजूला टाकला. तिला पुढचं सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं. म्हातारा माणूस, रंगाचे डबे, एक काठी पडली की नऊ पडतात. मग पोलीस, मग तारखा, आणि कान्हाचं एकुलतं एक पोर आत.

तुषार खाली उतरला. तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि जे बोलू नये तेच बोलला. "तू तिकडची झालीस, आते. तुझा येशू वेगळा. आमच्या देवाचं तुला काय?"

हॉर्न थांबला. पस्तीस वर्षांत तिला कुणी असं तोंडावर म्हटलं नव्हतं, आणि म्हणावं कुणी, तर ज्याचं नाक तिनं पदरानं पुसलं त्यानं! तिला वाटलं, उठावं आणि घरी जावं. मसणात गेली शांती. आणि उठायचं नसेल तर तिच्यापाशी एकच गोष्ट उरली होती, आणि ती सांगायची नाही असं तिनं बापाच्या पायावर हात ठेवून कबूल केलं होतं. सांगितली तर घराचा मान जाणार. भावकीतलं चुलतघर त्यावर टपलेलंच होतं. तुषारच्या दारचा मुखवटा दुसऱ्याच्या दारात जाणार. नाही सांगितली तर जीप निघणार.

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"बस खाली," ती म्हणाली. "बस म्हणते ना! तुझ्या आज्याचा तिरका डोळा ऐकलायस ना तू? तो आज्यानं नाही काढला. मी काढला."

तुषार बसला.

तिनं सांगितलं ते असं. त्या वर्षी बाचा हात भाजला, कान्हा भिवंडीकडे वीटभट्टीवर. चुलतघरी निरोप धाडला असता तर मान तिकडे गेला असता. चाचा मुखवटा घेऊन आले, बाचा हात बघितला आणि काही न बोलता थेट प्रमिलाच्या घरी गेले. "चल बेटी, बाप बुला रहा है." बापानं बोलावलंच नव्हतं! साफ खोटं. ती धावत गेली. पाच वर्षांनी बापानं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मला कुंचला धरवत नाय." एवढंच. मग भर दुपारी, दार लोटून, चाचांनी तिच्या हातात कुंचला दिला. "साँस रोक, बेटी." डावा बरा आला. उजव्याच्या वेळी तिला रडू फुटलं आणि हात हलला. बा म्हणाला, "राहू दे. डोळे झाकून नाचायचं त्यापेक्षा तिरकं बघू दे." आणि भाजलेल्या हाताचं कोपर त्यानं तिच्या डोक्याला लावलं.

"सिस्टरला तेवढं सांगितलं होतं मी," प्रमिलाआते म्हणाली. "घाबरत घाबरत. त्या म्हणाल्या, बापाचा हात चालत नव्हता, लेकीनं चालवला. यात येशूला राग येण्यासारखं काय आहे? चाचांनी तर आजवर तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आता देवाचे डोळे परक्यानं उघडले म्हणून मारायचं असेल, तर पहिली मी. जव्हारला कशाला जाता? डिझेल वाचेल."

"खोटं," दिपेश जीपमधून म्हणाला. "म्हाताऱ्याला वाचवायला बोलते ती."

तेव्हा विहिरीकडून येणारी काळी हंडा खाली ठेवून पुढे आली. "गप रं," ती म्हणाली. "माघ्याचा हात मीच बांधला व्हता. पाला लावून, पाचही बोटं एका फडक्यात. त्या हातानं कुंचला धरतोय कोन? मना तवाच ठावं व्हतं."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस ती?" दिपेशनं विचारलं.

"बोलायचं काय त्यात? देव नाचला ना?"

तुषारनं सूप पुढे ओढलं आणि एक खडा काढला. लहानपणापासूनची सवय, दुसरं काय! बाळ्या ड्रायव्हर उतरला, सीटखालच्या काठ्या काढून वडाच्या बुंध्याशी फेकल्या आणि म्हणाला, "येणारे या. बाजाराची वेळ टळतेय माझी."

गेले तिघंच. तुषार, प्रमिलाआते आणि दिपेश, कारण दिपेशला शेवट बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

दुकानात चाचा दारातच बसले होते, हातात कोरडा कुंचला. तुषार समोर उभा राहिला तरी त्यांनी ओळखलं नाही. आवाजावरून ओळखलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पाट्या आणि यंदापासून मुखवटेही आता नात रंगवते, समरीन. तुषारनं फडकं सोडलं. चाचांनी मुखवट्यावरून हात फिरवला. डोळ्यांच्या जागी रंग उचललेला लागला, तशी त्यांची बोटं थांबली. "ये किसने किया?" त्यांनी विचारलं.

आतून समरीन आली. अठरा-एकोणीस वर्षांची, ओढणीला निळा रंग लागलेला. "मीच," ती म्हणाली. "अर्धवट वाटत होता. दादाजान झालं म्हणाले, पण त्यांना दिसत नाही म्हणून डोळे राहून गेले असतील, असं वाटलं मला. बिना आँखों के अंधेरे में भेजूँ क्या उसको?" आणि ती रडायला लागली. सगळी रीत चाचांनी तिला शिकवली होती, रंग कसा कालवायचा, गंध कसं ओढायचं. एवढं एक सांगायचं राहून गेलं होतं. इतकी वर्षं जे करायचंच नव्हतं, ते सांगायचं लक्षात कसं राहणार?

चाचा दोन्ही हातांनी कान धरून उठायला लागले. तुषारनं त्यांना धरून खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. "काही झालं नाही, चाचा," तो म्हणाला. "पांढरा रंग आहे का?" डोळ्यांवर पांढऱ्या रंगाचा हात समरीननंच दिला. वाळेपर्यंत चहा झाला. दिपेशनं आपला फोटो पुसला. पुसून काय होतं म्हणा, दहा पाड्यांवर गेलेला. मग त्यालाच प्रमिलाआतेनं खरं काय झालं ते लिहायला बसवलं, आणि 'मुद्दाम' हा शब्द त्याच्याकडूनच खोडून घेतला.

परतीच्या जीपमधे चाचाही बसले. सात वर्षांनी पाड्यावर येत होते. समरीन शेजारी, त्यांचा हात धरून.

अंगणात माणसं जमलेली होती. चुलतघराचा थोरला हात बांधून उभा होता. मानाचं काय ते बोहाड्यानंतर बसून ठरवू, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. "बसू की," प्रमिलाआते म्हणाली. "बसायचं तर मला येतं." मागे कुणीतरी खुदकन हसलं, पण थोरला काही हसला नाही. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

तुषारनं पाटावर खंडेराव ठेवला. कुंचला काळ्या रंगात बुडवला आणि डावा डोळा उघडला. आठ दिवसांचा सराव होता, सरळ आला. मग त्यानं कुंचला आतेपुढे धरला.

"उजवा तुझा."

"शहाणपणा करू नको. लोक बघतायत."

"बघू दे. सकाळी मी जे बोललो ते पण लोकांसमोरच बोललो."

तिनं कुंचला घेतला. बा असता तर काय म्हणाला असता, सिस्टर कुठे बसल्या असत्या, असलं सगळं एकदमच तिच्या मनात आलं आणि तिला समोरचं काही दिसेना. ओट्यावरून, जिथून त्यांना काहीच दिसत नव्हतं तिथून, गुलजारचाचा म्हणाले, "साँस रोक, बेटी."

तिनं श्वास रोखला. तरी हात हललाच.

तुषारनं मुखवटा उचलून सगळ्यांकडे फिरवला. काठी टेकत काळी पुढे आली, अगदी नाकाला नाक लावून तिनं खंडेरावाचा तो उजवा डोळा निरखला, आणि तोंडभर हसली.

"हां," ती म्हणाली. "आता वळखला."